दोष वस्तूचा कीं त्वचेचा?

मराठी भाषेंत बिब्ब्याइतकी बदनामी क्वचितच दुसऱ्या फळाच्या वांट्याला आली असेल. सुरळीत चाललेल्या कार्यांत कोणी मोडता घातला म्हणजे त्यानें 'बिब्बा घातला' असें आपण म्हणतों. वास्तविक याच बिब्ब्यानें परटांनीं पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांवर खुणा केल्या, पायांत काटा मोडला तर याचाच चटका दिला गेला, आणि यांतील गोडंबी आपण आवडीनें खाल्ली. परंतु एकाच्या अंगावर तो उततो व दुसऱ्याच्या उतत नाहीं. आणि ज्याच्या अंगावर उतला त्याच्यासंबंधीं भोंवतालचीं माणसें दोन तऱ्हांनीं बोलतात. कोणी म्हणतें, 'बिब्बाच वाईट'. कोणी म्हणतें, 'याचें अंगच नाजूक.' पहिल्या वाक्यांत दोष वस्तूला लागतो, दुसऱ्यांत तो माणसाला लागतो. हे दोन्ही निवाडे इतक्या सहजपणें तोंडांतून निघून जातात कीं, त्यांच्यामागें नीतिशास्त्रांतील एक कठीण प्रश्न उभा आहे हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं. एखादी वस्तु बहुतेकांना बाधत नाहीं आणि थोड्यांना बाधते, तेव्हां त्या थोड्यांच्या दुःखाचा दोष कोणाकडे जातो, आणि न बाधणाऱ्यांवर त्याचें कांहीं ऋण येतें कीं नाहीं, हा तो प्रश्न होय. त्वचेच्या शास्त्रानें गेल्या सवाशें वर्षांत जें ज्ञान मिळविलें आहे, त्याच्या उजेडांत या प्रश्नाचा थोडा विचार करावा असें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. बाहेरील पदार्थांमुळें त्वचेला जो क्षोभ होतो त्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला प्रकार सरळ इजेचा. कळीचा चुना, धुण्याचा सोडा, तीव्र साबण अथवा आम्ल यांच्याशीं फार वेळ संबंध आला, तर त्वचेच्या वरच्या थरांतील स्निग्धांश निघून जातो, पेशींचीं आवरणें फुटतात, आणि हात फाटून त्यांची आग होऊं लागते. येथें पूर्वपरिचयाची गरज नसते; पहिल्याच भेटींत इजा होऊं शकते, आणि मात्रा पुरेशी वाढविली तर ती कोणालाहि होते. तथापि हें नुकसान मुकें नसतें. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशी इंटरल्यूकिन-१ या जातीच्या द्रव्याचा सांठा आपल्या पोटांत आधींच करून ठेवतात. पेशी फुटली कीं तो सांठा बाहेर सांडतो, आणि तें सांडणें हाच शेजाऱ्यांना निरोप असतो. त्या निरोपासरशीं जवळच्या पेशी आणखी निरोप धाडतात, रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तांतील पांढऱ्या पेशी त्या जागेकडे धांवून येतात. 'कांहींतरी फुटलें' एवढेंच हा निरोप सांगतो. कोणीं फोडलें याची त्याला ओळख नसते.

दुसरा प्रकार वावड्याचा. आज जो 'ॲलर्जी' शब्द घरोघरीं झाला आहे तो व्हिएन्ना येथील बालरोगवैद्य क्लेमेन्स फॉन पिर्के यानें १९०६ सालीं घडविला. घोड्याच्या रक्तापासून केलेली लस दुसऱ्यांदां टोंचली म्हणजे शरीर पहिल्या वेळेपेक्षां निराळें वागतें, हें त्यानें पाहिलें होतें. आणि या 'बदललेल्या वागणुकीला' त्यानें हें ग्रीक धातूंवरून बनविलेलें नांव दिलें. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, त्याच्या मूळच्या शब्दांत निंदा नव्हती. बदल हितकर असो वा अहितकर, पूर्वींच्या भेटीनें शरीर बदलतें, एवढेंच त्याला म्हणावयाचें होतें. निंदेचा अर्थ त्या शब्दाला आपण मागाहून चिकटविला.

वावड्याचेहि दोन पोटभेद आहेत. मासा खातांच घटकाभरांत अंगावर गांधी उठतात तो एक. त्याचें कारण रक्तांत फिरत असतें, हें ब्रेस्लाउ येथील प्राउसनिट्स व क्युस्टनर या दोघा वैद्यांनीं १९२१ सालीं दाखविलें. क्युस्टनरला मासा सोसत नसे. त्याच्या रक्तांतील पातळ भाग प्राउसनिट्सनें आपल्या स्वतःच्या त्वचेंत टोंचून घेतला. दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचतांच, ज्याला माशाचें मुळींच वावडें नव्हतें त्या प्राउसनिट्सच्या अंगावर गांध उठली. दुसरा पोटभेद बिब्ब्याचा, निकेलचा व क्रोमियमचा. तो सावकाशीचा आहे; संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनीं तो आपलें रूप दाखवितो. लांडस्टायनर व चेस यांनीं १९४२ सालीं गिनीपिगांवर प्रयोग करून असें सिद्ध केलें कीं, हें वावडें रक्तरसाबरोबर एका प्राण्यांतून दुसऱ्यांत जात नाहीं, पेशींबरोबर जातें.

या सावकाश वावड्याची कथा ऐकण्यासारखी आहे. निकेलचा कण किंवा बिब्ब्याच्या रसांतील द्रव्याचा रेणु इतका लहान असतो कीं, शरीराच्या रक्षकांना तो एकटा ओळखतांच येत नाहीं. तो त्वचेंतील प्रथिनांना जाऊन चिकटतो आणि त्यांचें रूप पालटतो. त्वचेंत फांद्या पसरून बसलेल्या कांहीं पेशी आहेत. पाउल लांगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकीच्या विद्यार्थ्यानें १८६८ सालीं त्या प्रथम पाहिल्या, तेव्हां त्या ज्ञानतंतूंच्या असाव्यात असें त्याला वाटलें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, या व यांच्या भाऊबंद पेशी त्वचेंतील पालटलेला अंश उचलतात, तेथून निघून काखेंतील वा जांघेंतील ग्रंथींत (ज्या सुजल्या म्हणजे आपण अवधाण आलें म्हणतों) जातात, आणि तेथील टी-पेशींपुढें तो अंश मांडतात. त्या असंख्य पेशींपैकीं ज्या थोड्यांना तो अंश जुळतो त्या वाढूं लागतात. यांत साधारण दहा-पंधरा दिवस जातात. आणि एवढा वेळ त्या मनुष्याला कांहींहि कळत नाहीं. त्याच्या त्वचेवर एक डागहि नसतो. पुढें महिन्यांनीं वा वर्षांनीं तोच पदार्थ अंगाला लागला, कीं त्या स्मरणधारी पेशी तेथें गोळा होतात आणि पुरळ, पाणी, खाज हीं सर्व सुरू होतात. निकेलचें वावडें एकदां जडलें म्हणजे बहुधा जन्मभर राहतें.

येथवर पाहिलें तर दोन प्रकारांतील भेद स्वच्छ दिसतो, आणि दोषाची वांटणीहि सोपी वाटते: इजेंत दोष वस्तूचा, वावड्यांत दोष त्वचेचा. चुना कोणालाहि जाळतो, म्हणून चुना अपराधी. निकेल शंभरांतील पुष्कळांना कांहीं करीत नाहीं, म्हणून ज्याला तें बाधतें त्याची त्वचा अपराधी. परंतु अलीकडच्या शोधांनीं ही सोपी वांटणी टिकूं दिलेली नाहीं.

केवळ नवा पदार्थ दिसला एवढ्यानें रक्षक पेशी खवळत नाहींत. त्याबरोबर धोक्याचा निरोपहि यावा लागतो. हा विचार पॉली मॅट्झिंगर या विदुषीनें १९९४ सालीं ठासून मांडला. 'परकें' आणि 'घातक' या दोन कल्पना शरीर एक मानीत नाहीं, असा त्याचा मथितार्थ. मग निकेलच्या बाबतींत हा धोक्याचा निरोप कोण देतें? १९१० किंवा १९५० सालीं या प्रश्नाला उत्तर नव्हतें. २०१० सालीं तें मिळालें. जंतूंची चाहूल घेण्यासाठीं आपल्या पेशींवर जीं ग्राहक प्रथिनें असतात, त्यांपैकीं एकाच्या ठराविक जागीं हिस्टिडीन नांवाचे घटक आहेत, आणि निकेलचे कण नेमके त्यांनाच जाऊन धरतात. त्यामुळें जंतु आले नसतांना जंतु आल्याचा निरोप सुटतो. उंदराच्या त्याच प्रथिनांत ते घटक त्या जागीं नाहींत. म्हणून उंदराला निकेलचें वावडें सहजासहजीं जडत नाहीं. यावरून असें म्हणावें लागतें कीं, ज्या त्वचेला आपण संशयखोर ठरविलें तिला खोटी बातमी मिळाली होती, आणि ती बातमी देणारी वस्तु निकेलच होती.

सिमेंटचें उदाहरण याहून बोलकें आहे. भिजलेलें सिमेंट चुन्याप्रमाणेंच तीव्र असतें. तें गवंड्याच्या व बिगाऱ्याच्या हातांची कातडी सोलून काढतें. ही झाली पहिल्या प्रकारची इजा. त्याच सिमेंटमध्यें क्रोमियमचा अत्यल्प अंश असतो. आणि फाटलेल्या कातडीतून तो आंत शिरतो, तेव्हां धोक्याचे निरोप तेथें आधींच घुमत असतात. मग त्या क्रोमियमचें वावडें जडतें, आणि पुढें तो गवंडी काम सोडून गांवीं परतला तरी त्याच्या हातांचें इसब पुष्कळ वेळां त्याला सोडीत नाहीं. पहिला अन्याय दुसऱ्या अन्यायाची जमीन नांगरून ठेवतो, असेंच म्हटलें पाहिजे.

आतां तत्त्वज्ञानाचा प्रश्न. वावडें ही शरीराची 'चूक' आहे असें सर्वच म्हणतात. ती कोणत्या जातीची चूक? आपल्या दर्शनकारांनीं भ्रमाची चर्चा करतांना दोरीवर भासणारा सर्प आणि शिंपल्यावर भासणारें रुपें हे दृष्टान्त घोळून घोळून वापरले आहेत. तेथें वस्तु एक व ज्ञान दुसरें असतें. वावड्यांत तसें नाहीं. त्वचेची टी-पेशी निकेलला तांबें समजत नाहीं. तिची ओळख थक्क करण्याइतकी अचूक असते. बिब्बा व अमेरिकेंतील पॉयझन आयव्ही ही वेल एकाच कुळांतील आहेत, त्यांच्या रसांतील द्रव्यें सख्ख्या नात्याचीं आहेत; म्हणून ज्याला एकाचें वावडें जडलें त्याला दुसरेंहि पुष्कळदां सोसत नाहीं. १९४३ सालीं हिंदुस्थानांतील अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर पुरळ उठूं लागलें, तें परटानें कपड्यांवर केलेल्या बिब्ब्याच्या खुणांमुळें, असें त्यांच्या वैद्यांना आढळून आलें. या पेशी फसतात त्या ओळखींत फसत नाहींत, निवाड्यांत फसतात. ज्ञान खरें आणि मूल्य खोटें, अशी ही चूक आहे. आणि रज्जुसर्पापेक्षां ती दूर करणें कठीण, कारण दिवा लावला कीं दोरी दिसते, पण येथें दिवा आधींच लागलेला आहे.

या चुकीचें दुसरें लक्षण असें कीं, जें दुःख होतें तें बहुतांशीं शत्रूच्या हल्ल्यानें होत नसून आपल्याच संरक्षणानें होतें. निकेलचा कण त्या जागीं तसा स्वस्थच पडलेला असतो. फोड आणतात त्या आपल्याच पेशी. मग ज्यांना वावडें नाहीं त्यांच्या शरीराला निकेलचा पत्ता लागत नाहीं काय? पूर्वीं तसें मानीत असत. परंतु सहिष्णुता म्हणजे अज्ञान नव्हे. शिमॉन साकागुची या जपानी शास्त्रज्ञानें १९९५ सालीं असें दाखविलें कीं, रक्षकांना आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी शरीरांत सतत जागत्या असतात. त्या नसल्या तर शरीर स्वतःवरच उठतें. या शोधाबद्दल त्यांना व मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्वचेची शांति ही देखील एक कृति आहे आणि तिला श्रम पडतात, हें या संशोधनानें शिकविलें.

असो. शरीराला हेतु नाहीं, म्हणून त्याला पापहि नाहीं, हें उघड आहे. सॅम्युएल बटलरच्या 'एरेव्हॉन' या १८७२ च्या पुस्तकांत एका कल्पित देशाचें वर्णन आहे. तेथें आजारी पडणाऱ्याला तुरुंगांत घालतात. आपण हंसतों, परंतु 'याचें अंगच नाजूक' असें म्हणून जेव्हां आपण विषय संपवितों, तेव्हां त्या देशाचे आपणहि अर्धे नागरिक होतों. कारण त्या उद्‌गाराचा व्यावहारिक अर्थ एवढाच असतो, कीं आम्हांला कांहीं करावयास नको.

या उद्‌गाराला आमचें पहिलें उत्तर असें. निकेलचें वावडें घेऊन कोणी जन्माला येत नाहीं. कोणाची प्रकृति तें लवकर घेते, कोणाची उशिरां घेते किंवा घेतच नाहीं, हा भेद खरा. पण संपर्कावांचून तें कोणालाच जडत नाहीं. तेव्हां ज्याला आपण स्वभाव म्हणतों तो येथें बराचसा इतिहास असतो. ज्या मुलीचें वावडें टोंचलेल्या कानांत स्वस्त डूल घातल्यानें जडलें, तिच्या त्वचेला नांवें ठेवण्यापूर्वीं डूल कोणी केले व कोणी विकले हें विचारलें पाहिजे. 'मला तर कांहीं होत नाहीं' हा पुरावा म्हणूनहि लंगडा आहे. तो बोलणाराच्या त्वचेविषयीं कांहीं सांगतो, दुसऱ्याच्या त्वचेविषयीं कांहींच सांगत नाहीं. आणि बोलणाराविषयींहि आजचेंच सांगतो, उद्यांचें नाहीं.

यावर एक आक्षेप निघेल आणि तो हलका नाहीं. जगांतील जवळजवळ प्रत्येक वस्तूचें कोणाला ना कोणाला वावडें असतें. मासे, भुईमुगाचे दाणे, अत्तरें, फुलें, औषधें, सर्वच. थोड्यांसाठीं जग रिकामें करावयाचें काय? तसें करतां येणार नाहीं आणि करूंहि नये. परंतु 'सर्व काढून टाका' आणि 'कांहींच करूं नका' या दोन टोकांच्या मध्यें विवेकाला पुष्कळ जागा आहे. आमच्या मतें तीन गोष्टी पाहाव्या. त्या मनुष्याला ती वस्तु टाळतां येण्यासारखी आहे काय? ती बदलली तर इतरांचें काय जातें? आणि ती त्याच्या अंगापर्यंत कोणाच्या लाभासाठीं आली? अत्तर टाळतां येतें. तेथें विकणाराचें कर्तव्य बाटलींत काय आहे तें खरें सांगण्यापुरतें आहे, पण तेवढें तरी आहेच. गाजरगवताची गोष्ट निराळी. त्याची नोंद १९५६ सालीं पुण्याकडून प्रसिद्ध झाली आणि पुढें तें देशभर पसरलें. त्याच्या कणांनीं ज्या शेतकऱ्याचा चेहरा व मान सोलून निघते, त्यानें शेत टाळावें म्हणणें म्हणजे पोट टाळावें म्हणण्यासारखें आहे. लाभ त्यांत कोणाचाच नाहीं. म्हणून तो भार सर्वांनीं मिळून उचलावयाचा आहे.

सिमेंट आणि निकेल यांच्या बाबतींत तर हें करून दाखविलें गेलें आहे. डेन्मार्कनें १९८३ पासून सिमेंटमध्यें हिराकस, म्हणजे लोहाचें सल्फेट, थोडें मिसळावयास लाविलें. त्यानें घातक क्रोमियमचें रूप पालटतें आणि तें त्वचेंत सहसा शिरत नाहीं. पुढें तेथील बांधकामावरील मजुरांतलें हें वावडें स्पष्टपणें घटलें, आणि २००५ पासून युरोपीय संघानें दशलक्ष भागांत २ भाग ही मर्यादा सर्वत्र लागू केली. निकेलचेंहि तसेंच. अंगाला सतत लागणाऱ्या वस्तूंतून किती निकेल सुटावें यावर डेन्मार्कनें १९९० सालीं बंधन घातलें, युरोपीय संघानें १९९४ सालीं तसाच निर्बंध मंजूर केला, आणि त्यानंतर कान टोंचून घेणाऱ्या डॅनिश मुलींत हें वावडें पूर्वींपेक्षां कमी दिसूं लागलें. मुलींची त्वचा बदलली नाहीं, डूल बदलले. ज्या दोषाला आपण प्रकृतीचा म्हणत होतों त्याचा बराच भाग दुकानांत होता, याहून सबळ पुरावा आणखी कोणता पाहिजे?

या ज्ञानाचीहि एक नैतिक बाजू आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. प्राउसनिट्सनें प्रयोगासाठीं आपली त्वचा दिली. परंतु फिलाडेल्फिया येथील होम्सबर्ग तुरुंगांत १९५१ पासून १९७४ पर्यंत आल्बर्ट क्लिग्मन या त्वचारोगतज्ज्ञानें जे प्रयोग चालविले ते कैद्यांच्या त्वचेवर. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णी होते, आणि काय लाविलें जात आहे हें त्यांना नीट सांगितलेंहि जात नव्हतें. त्या शहरानें या गोष्टीबद्दल २०२२ सालीं रीतसर क्षमा मागितली. प्रक्षोभक कोणतें व वावडें आणणारें कोणतें, याविषयींचें आपलें कांहीं ज्ञान त्या पाठींवरून आलें आहे. दुसऱ्याच्या त्वचेला किंमत न देण्याची जी वृत्ति 'त्याचें अंगच नाजूक' या उद्‌गारांत सौम्यपणें दिसते, तीच तेथें नागडी झाली होती.

शेवटीं एक सावधगिरी. आमच्या या विवेचनावरून कोणी म्हणेल कीं, मग ज्याच्या मनाला एखादा शब्द लागतो त्याचीहि स्थिति अशीच समजावी आणि तो शब्द जगांतून काढून टाकावा. ही उपमा आम्हांस मान्य नाहीं. त्वचेशीं वाद घालतां येत नाहीं. तिचा निवाडा खोटा आहे असें तिला कितीहि पटवून दिलें तरी फोड यावयाचा तो येतो. मनाशीं वाद घालतां येतो, आणि मनानें आपला निवाडा पुन्हा तपासावा असें त्याच्याकडे मागणेंहि करतां येतें. म्हणूनच नाजूक त्वचेचा मनुष्य पूर्णपणें निर्दोष आहे, आणि हळव्या मनाचा मनुष्य तसा सर्वस्वीं नाहीं. शरीराच्या व्यवहारावरून राष्ट्राचे वा समाजाचे नियम काढूं पाहणारे हा भेद विसरतात. शरीरांत परक्याचा द्वेष आहे म्हणून तो समाजांतहि शोभतो, असें सांगणारे तर शरीरहि नीट जाणत नाहींत.

तेव्हां दोष कोणाचा? इजेंत तो वस्तूचा आणि वावड्यांत तो त्वचेचा, हें उत्तर आम्हांस टिकाऊ वाटत नाहीं. वस्तूला हेतु नाहीं, त्वचेलाहि नाहीं. दोष हा शब्द खरोखर लागूं पडतो तो त्या दोघांची गांठ घालून देणाऱ्या माणसांना. अमुक वस्तु अमक्यांना बाधते हें जोंपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हतें, तोंपर्यंत तो दैवाचा भाग होता. जें ठाऊक झालें आणि मूठभर हिराकशीनें टाळतां येण्यासारखें ठरलें, तें पुढें तसेंच चालूं देणें हा दैवाचा भाग राहत नाहीं. ज्ञान वाढलें म्हणजे सामर्थ्य वाढतें असें आपण नेहमीं म्हणतों. त्याबरोबर दैवाच्या खात्यावरील रकमा एकेक करून आपल्या खात्यावर येऊं लागतात, हेंहि म्हटलें पाहिजे.